आर्टिफॅक्ट: हात कुणाचा लागला?

उत्खननाच्या जागी कुणी 'आर्टिफॅक्ट सापडलं' म्हणालं की सगळे हातातलं काम टाकून बघायला येतात. पॅथॉलॉजिस्टने स्लाइड बघताना तोच शब्द उच्चारला, तर बहुधा ती स्लाइड पुन्हा बनवावी लागणार हे टेक्निशियन ओळखतो. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये तो आला की समजायचं, चित्रात असं काहीतरी दिसतंय जे पेशंटच्या शरीरात नाहीच. सॉफ्टवेअरवाले मात्र हा शब्द दिवसभर वापरतात आणि त्यांना फक्त बिल्डमधून, म्हणजे कोडपासून प्रोग्राम तयार करण्याच्या प्रक्रियेतून, बाहेर पडलेली फाइल म्हणायची असते. शब्दकोश हे सगळं 'मानवनिर्मित वस्तू' एवढ्यावर उरकतो. ते चुकीचं नाही, पण त्याने फारसं काही उलगडत नाही.

मुळापासून बघू. लॅटिनमध्ये 'आर्स' म्हणजे कसब. 'आर्ते' हे त्याचं तृतीयेचं काम करणारं रूप, म्हणजे 'कसबाने'. 'फाकेरे' म्हणजे करणं, बनवणं, आणि 'फाक्तुम' म्हणजे केलेलं. 'आर्ते फाक्तुम', कसबाने केलेलं. इटालियनमध्ये याचा 'आर्तेफात्तो' झाला. इंग्रजीत सर्वसाधारण अर्थाने हा शब्द एकोणिसाव्या शतकात रुळला आणि पुरातत्त्वातला त्याचा नेमका अर्थ त्या शतकाच्या उत्तरार्धात पक्का झाला. ब्रिटिश स्पेलिंगमध्ये 'टी'नंतर 'ई' येतो, अमेरिकनमध्ये 'आय'. 'ई' लॅटिन रूपाला जवळचा आहे. 'आय' आला तो 'आर्टिफिशियल'च्या घराण्यातून, कारण लॅटिन सामासिक शब्दांतच तिथे 'आय' होतो. दोन्ही बरोबर आहेत, फक्त एका लेखात दोन्ही वापरू नयेत. देवनागरीत हा प्रश्नच उरत नाही.

शब्दाच्या दोन्ही अर्ध्या भागांचे नातलग आपल्याकडे आहेत. 'आर्स'च्या मुळाचा अर्थ सांधणं, नीट जुळवून बसवणं असा आहे, आणि संस्कृतातला 'ऋत' त्याच मुळाचा मानला जातो. 'फाकेरे'चं मूळ 'ठेवणं, स्थापन करणं' या अर्थाचं, म्हणजे संस्कृतातला 'धा' धातू. विधान, विधाता, संधान हे सगळे त्याचेच. इंग्रजी बाजूला फॅक्टरी, मॅन्युफॅक्चर, परफेक्ट ही 'फाकेरे'चीच मंडळी. 'फॅक्ट'सुद्धा त्यातलाच. इंग्रजीत 'फॅक्ट'चा आधीचा अर्थ 'केलेलं कृत्य' असा होता, आणि गुन्हा घडल्यावर मदत करणाऱ्यासाठी कायद्याच्या इंग्रजीत 'ॲक्सेसरी आफ्टर द फॅक्ट' हा जो शब्दप्रयोग आहे त्यात तो अजून टिकून आहे. 'सत्य' हा अर्थ पुढे चिकटला. म्हणजे फॅक्ट आणि आर्टिफॅक्ट सख्खी भावंडं, आणि प्रयोगशाळेत पोचल्यावर एकमेकांच्या विरुद्ध उभी राहतात.

आता पुरातत्त्व. माणसाने बनवलेली, बदललेली किंवा वापरलेली आणि जागेवरून उचलता येणारी वस्तू म्हणजे आर्टिफॅक्ट. 'उचलता येणारी' ही अट महत्त्वाची आहे. चूल, खांबाचा खड्डा, साठवणीचं पेव हेही माणसाचंच काम, पण ते उचललं की नष्ट होतं. त्याला 'फीचर' म्हणतात. परागकण, बिया, न घडवलेली हाडं हे 'इकोफॅक्ट'. ती निसर्गाची, पण माणसाच्या वस्तीबद्दल सांगणारी. एखादा दगड कुणी घडवला नाही, फक्त दुरून उचलून आणला, तर तो 'मॅन्युपोर्ट'. याचं सर्वांत सुंदर उदाहरण दक्षिण आफ्रिकेतल्या माकापान्सगाटचं. तिथल्या गुहेत १९२५ साली एक तांबूस गोटा मिळाला. पाण्याने झिजून त्यावर डोळे आणि तोंड असल्यासारखे खळगे पडले आहेत. गोटा त्या गुहेतला नाही, कित्येक किलोमीटरवरून आलेला. ज्या थरातून तो आला तो सुमारे ३० लाख वर्षांपूर्वीचा, ऑस्ट्रेलोपिथेकस या माणसाच्या आद्य नातलगाच्या काळातला. कुणीतरी तो उचलून आणला असावा, एवढंच म्हणता येतं. त्यावर एकही घाव नाही.

आणि निसर्गानेच फोडलेला, पण हत्यारासारखा दिसणारा दगड म्हणजे 'जिओफॅक्ट'. या विषयातली सगळी कसोटी इथे लागते, म्हणून इथे थोडं थांबू.

चर्ट किंवा फ्लिंटसारखा बारीक पोताचा दगड फुटतो तेव्हा शिंपल्यासारखे वक्र पृष्ठभाग तयार होतात. त्यातून मुद्दाम छिलका काढायचा तर कडेपासून थोडं आत घाव घालावा लागतो, आणि त्या कडेचा कोन ९० अंशांपेक्षा कमी असावा लागतो. कोन बोथट असला की जोर दगडात विरतो, छिलका सुटत नाही. नीट सुटलेल्या छिलक्यावर घाव घातलेला छोटा सपाट भाग दिसतो, म्हणजे आघातपृष्ठ. त्याच्या लगेच खाली आतल्या बाजूला एक फुगवटा असतो. तिथून लहरी पसरत गेलेल्या दिसतात आणि फुगवट्यावर अनेकदा एक बारीक टवका उडालेला असतो. दुसऱ्या बाजूला आधी काढलेल्या छिलक्यांच्या खुणा असतात, आणि माणसाच्या कामात त्या बहुतेक वेळा ठरावीक दिशांनी गेलेल्या असतात. थंडीने तडकलेल्या दगडाला खळगा पडतो, पण आघातपृष्ठ नसतं, फुगवटाही नसतो.

मग यात अवघड काय? अवघड हे, की नदी, लाटा, कड्यावरून पडणं, वरच्या मातीचा दाब, या सगळ्यांनीही घाव बसतात, आणि लाखो घावांत काही अगदी माणसासारखे बसतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये केंट परगण्यात बेंजामिन हॅरिसन या हौशी संग्राहकाने कडा फुटलेले दगड गोळा केले. ती अतिप्राचीन हत्यारं, 'इओलिथ', असल्याचं अनेक विद्वानांनी मानलं. वाद वर्षानुवर्षं चालला. १९०५ साली फ्रान्सचे पुराजीवशास्त्रज्ञ मार्सेलँ बूल यांनी दाखवून दिलं की मांत इथल्या सिमेंट कारखान्यात चुनखडी घुसळणाऱ्या यंत्रातून बाहेर पडणारे दगड हुबेहूब इओलिथसारखे असतात. यंत्राला हत्यार करायचं नव्हतं, तरी दगड तसाच झाला.

१९३९ साली आल्फ्रेड बार्न्सने याला मोजमापाचं रूप दिलं. आघातपृष्ठ आणि छिलक्याची खूण यांच्यातले कोन संग्रहातल्या पुष्कळ दगडांवर मोजायचे. माणसाच्या कामात बोथट, म्हणजे ९० अंश किंवा त्याहून मोठे कोन २५ टक्क्यांपेक्षा कमी निघतात. निसर्ग कोन बघून घाव घालत नाही, म्हणून तिथे बोथट कोनांचं प्रमाण जास्त. या कसोटीवर पुढे टीकाही झाली, पण तिच्यातली शिकवण माझ्या मते कायमची आहे: निकाल एका दगडावरून नाही, पूर्ण संचावरून द्यायचा. हौशी माणसाची चूक नेमकी इथे होते. हजार दगडांतून तो सर्वांत सुबक एक उचलतो आणि उरलेले ९९९ तिथेच ठेवतो. निवडीमुळेच पुरावा तयार होतो.

२०१६ साली यात आणखी एक गाठ पडली. ब्राझीलच्या सेरा दा कापिवारामध्ये कापुचिन माकडं दगडावर दगड आपटतात आणि त्यातून धारदार छिलके पडतात, फुगवट्यासह आणि आघातपृष्ठासह. माकडं ते छिलके कापण्यासाठी वापरताना दिसली नाहीत. म्हणजे छिलका आहे, आघात आहे, पण 'आर्ते' कुठे आहे? नुसत्या आकारावरून हेतू वाचता येत नाही हे यानंतर फार स्पष्ट झालं. केनियात लोमेक्वी इथे सापडलेली ३३ लाख वर्षांपूर्वीची हत्यारं स्वीकारताना अभ्यासक दगडाच्या आकाराबरोबर थर, जागा, इतर तुकड्यांशी जुळणं हे सगळं तपासतात ते याचसाठी. म्हणूनच वस्तू सापडल्यावर पहिलं काम तिला हात न लावण्याचं. आधी मोजपट्टी ठेवून फोटो, मग जागेचे आकडे आणि थराचा क्रमांक, मग पिशवी, आणि पिशवीच्या आत-बाहेर दोन्हीकडे चिठ्ठी. लगेच धुवायचं नाही, कारण धारेवर वनस्पतीचे किंवा रक्ताचे अवशेष असू शकतात. थर माहीत नसलेली हातकुऱ्हाड काचेच्या कपाटात शोभते, पण तिचा बहुतेक पुरावा गेलेला असतो.

इथून शब्द प्रयोगशाळेत जातो. प्रश्न तोच राहतो: जे दिसतंय ते मूळ पदार्थाचं की कुणाच्या हाताचं? फरक एवढाच की पुरातत्त्वात हात सापडावा अशी इच्छा असते, आणि इथे तो सापडू नये अशी.

पेशीजालाची तपासणी घ्या. शरीरातून काढलेला तुकडा १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिनमध्ये टाकतात. द्रावण तुकड्याच्या आकारमानाच्या किमान १० पट, शक्यतो २० पट हवं. तुकड्याची जाडी ३ ते ४ मिलिमीटर, कारण फॉर्मलिन आत सावकाश शिरतं, सुरुवातीला तासाला साधारण १ मिलिमीटर आणि नंतर त्याहून कमी. मोठा तुकडा तसाच छोट्या बरणीत कोंबला, तर कडा नीट टिकतात आणि मधला भाग द्रावण पोचेपर्यंत कुजायला लागतो. स्लाइडवर मध्यभागी पेशी फिकट आणि केंद्रकं विरघळलेली दिसतात. हा आजार नाही, हा उशीर आहे. फॉर्मलिन आम्लधर्मी झालं असेल तर रक्त असलेल्या जागी तपकिरी-काळे कण पडतात. फॉर्मलिन पिगमेंट म्हणतात त्याला. ते जंतू किंवा मेलॅनिन समजण्याची चूक होऊ शकते. ध्रुवित प्रकाशात ते चमकतात, मेलॅनिन चमकत नाही, आणि अल्कोहोलमधल्या संपृक्त पिक्रिक ॲसिडने ते निघून जातात. बफर वापरून पीएच ७ च्या आसपास ठेवला तर ते मुळात पडतच नाहीत.

पुढे ३ ते ५ मायक्रोमीटरचा काप घेताना पातं बोथट किंवा सैल असलं की कापावर समांतर पट्टे उठतात. पात्याला खाच असली तर एक सरळ रेघ आरपार जाते. ओळखण्याची सोपी युक्ती अशी: रेघ पेशींच्या रचनेची पर्वा न करता सगळ्यांतून सारखीच जात असेल, तर ती पात्याची आहे. घडी पडली असेल तर तिथे रंग गडद दिसतो आणि सूक्ष्मदर्शकाचं फोकस थोडं वरखाली करावं लागतं.

तयारीत निर्माण झालेल्या गोष्टीने विज्ञानाला किती काळ गुंगवावं याचं ठळक उदाहरण म्हणजे मेसोसोम. १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली जीवाणूंच्या पेशीपटलाला आत वळलेल्या घड्या दिसल्या. त्यांना नाव मिळालं, श्वसन, डीएनएची विभागणी, पेशीभित्ती तयार करणं अशी कामंही मिळाली. १९७० च्या दशकात जीवाणू रसायनांऐवजी अतिजलद गोठवून बघितले तेव्हा घड्या दिसेनात. पेशी रसायनात टिकवताना पटल आकसून त्या पडत होत्या. तरीही पाठ्यपुस्तकांत मेसोसोम पुढे बराच काळ आकृतीसह छापला जात राहिला. पद्धत बदलून बघणं हीच आर्टिफॅक्ट पकडण्याची सर्वांत भरवशाची कसोटी आहे. दोन वेगळ्या मार्गांनी तीच गोष्ट दिसली तर ती पदार्थाची असण्याची शक्यता खूप वाढते.

ईसीजीमध्ये हे आणखी जवळून बघता येतं. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो. पार्किन्सनच्या रुग्णाचा हात सेकंदाला ४ ते ६ वेळा थरथरतो. ५ धरलं तर दर ५ मिलिमीटरला, म्हणजे प्रत्येक मोठ्या चौकोनाला एक लाट. मिनिटाला ३००. एट्रियल फ्लटर, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अतिजलद लय, तिच्या लाटाही मिनिटाला साधारण ३०० च्याच आसपास असतात. कागदावर दोन्ही जुळी वाटतात. सोडवायचं कसं? लीड म्हणजे शरीरावरच्या दोन ठिकाणांमधला विजेचा फरक टिपणारी रेषा. पहिली लीड उजवा आणि डावा हात यांच्यामधली, दुसरी उजवा हात आणि डावा पाय यांच्यामधली, तिसरी डावा हात आणि डावा पाय यांच्यामधली. थरथर फक्त उजव्या हातात असेल तर तिसऱ्या लीडमध्ये उजवा हातच नाही, म्हणून ती स्वच्छ राहते. हृदयातून आलेली लाट एका लीडला सहसा असं पूर्ण चुकवत नाही. दुसरी खूण: थरथरीच्या गर्दीतून नेहमीचे क्यूआरएस, म्हणजे हृदयाच्या ठोक्याचे टोकदार भाग, आपल्या ठरलेल्या अंतराने चालत जाताना सापडतात. ते शोधले नाहीत तर हाताची हालचाल वेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांची धोकादायक जलद लय, ठरते. अशा चुकीमुळे रुग्णांवर अनावश्यक उपचार झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत.

दोन्ही हातांच्या वायर उलट लागल्या तर पहिली लीड पूर्ण उलटी होते आणि एव्हीआर, म्हणजे उजव्या हाताच्या बाजूने बघणारी लीड, सरळ दिसते. हृदय उजवीकडे असलेल्या माणसातही पहिली लीड उलटीच. पण त्याच्या छातीच्या लीडमध्ये आर लाट (क्यूआरएसमधली वर जाणारी लाट) व्ही१ या पहिल्या लीडपासून व्ही६ या शेवटच्या लीडकडे लहान होत जाते, वायरींच्या अदलाबदलीत मात्र छातीच्या लीड नेहमीसारख्याच असतात. रेषेवर सलग बारीक कापरं असेल तर ते बहुधा विजेच्या पुरवठ्याचं, देशाप्रमाणे ५० किंवा ६० हर्ट्झचं. आधी इलेक्ट्रोडचा जेल वाळलाय का, त्वचा कोरडी आणि स्वच्छ केली का, वायर वीजवाहिनीवरून गेली आहे का ते बघावं. फिल्टर सगळ्यांत शेवटी. ४० हर्ट्झचा फिल्टर रेषा सुरेख करतो, पण क्यूआरएसमधल्या बारीक खाचाही पुसून टाकतो. खालच्या बाजूचा फिल्टर ०.०५ वरून ०.५ हर्ट्झवर नेला तर एसटी भाग (क्यूआरएसच्या लगेच नंतरची रेषा) खालीवर सरकू शकतो, आणि हार्ट अटॅकच्या निदानात नेमका तोच बघायचा असतो. एक आर्टिफॅक्ट घालवताना दुसरं तयार होतं.

प्रत्येक आर्टिफॅक्ट फेकून द्यायचं नसतं. सोनोग्राफीचं यंत्र काही गोष्टी गृहीत धरतं: आवाज सरळ जातो, सेकंदाला १५४० मीटर वेगाने जातो आणि एकदाच आपटून परत येतो. जिथे हे गृहीतक मोडतं तिथे चित्रात खोटं काहीतरी उमटतं. पित्ताशयातल्या खड्यामागे काळी सावली पडते, कारण आवाज पुढे गेलाच नाही. ती सावली शरीरात नाही, पण खडा ओळखायला तीच कामाला येते. फुप्फुसात पाणी भरल्यावर दिसणाऱ्या उभ्या 'बी लाइन्स' याही आर्टिफॅक्टच, आणि त्यांच्यावरून निदान करतात. म्हणून मला 'दोष' हा प्रतिशब्द पटत नाही. सीटीमध्ये एक संवेदक बिघडला की चित्रात वर्तुळ उमटतं, एमआरआयमध्ये श्वास हलला की ठरावीक एका दिशेने भुतासारख्या प्रती उमटतात. यंत्र कुठे आणि कसं चुकलं याचा पत्ताच ती खूण देत असते.

डिजिटल चित्रांकडे वळू. जेपीईजी चित्राचे ८ गुणिले ८ पिक्सेलचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोन स्वतंत्रपणे साठवतं. आकार कमी करण्यासाठी बारीक तपशील आधी टाकला जातो. आकाशासारख्या सपाट भागात त्यामुळे चौकोनांच्या कडा दिसू लागतात. अक्षरांची कड एकदम काळ्यावरून पांढऱ्यावर जाते आणि तिला नेमका तोच बारीक तपशील लागतो, म्हणून अक्षरांभोवती धुरकट कण जमतात. स्क्रीनशॉट किंवा आकृती पीएनजीमध्ये साठवावी ती यासाठी. जेपीईजी कापायचंच असेल तर कापाची सुरुवात ८ च्या, आणि रंगाची माहिती निम्मी केलेली असेल तर १६ च्या पटीत ठेवावी. नाहीतर नवीन चौकोन जुन्या चौकोनांवर नीट न जुळता सरकून बसतात आणि पुन्हा साठवताना खराबी दुप्पट दिसते.

पण धूसर आर्टिफॅक्ट निदान दिसतं तरी. २०१३ साली जर्मनीत एका संगणकशास्त्रज्ञाने बांधकामाचा नकाशा एका नामवंत कंपनीच्या मशीनवर स्कॅन केला. तीन खोल्यांची क्षेत्रफळं होती १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर. स्कॅनमध्ये तिन्हीवर १४.१३. आकडे अगदी ठसठशीत, धूसरपणाचा मागमूस नाही. मशीन जागा वाचवण्यासाठी सारखे दिसणारे ठिपक्यांचे गट एकदाच साठवून पुन्हा पुन्हा वापरत होतं, आणि 'सारखे' ठरवण्यात चुकत होतं. इतर कागदांत ६ चा ८ झाल्याचंही दिसलं. औषधाचा डोस, हिशोब, मोजमाप असलेला कागद स्कॅन करताना चिन्हं बदलून वापरणारं आकुंचन बंद ठेवावं. आकड्यांच्या बाबतीत मी फाइलच्या आकाराची काळजी कधीच करणार नाही.

सॉफ्टवेअरमधलं आर्टिफॅक्ट परत मूळ अर्थाजवळ येतं: सोर्स कोडपासून बनवलेली वस्तू, मग ती जार फाइल असो, पायथनचं व्हील असो की कंटेनर इमेज. नियम थोडकेच. ती गिटमध्ये, म्हणजे कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात, टाकायची नाही, वेगळ्या साठ्यात ठेवायची. एकदाच बनवायची, आणि जी तपासली तीच पुढे वापरात न्यायची, शा-२५६ (फाइलच्या मजकुरावरून काढलेला तिचा ठसा) जुळवून. तोच कोड दोनदा बिल्ड केला तरी शा जुळत नसेल, तर बहुधा आत बिल्डची वेळ किंवा फोल्डरचा पूर्ण पत्ता शिरलेला असतो. वेळेसाठी 'सोर्स डेट इपॉक' हे चल ठरवून द्यायचं. म्हणजे इथेही, बनवणाऱ्या मशीनची खूण वस्तूत उरली का, हेच बघणं आलं. स्क्रम या सॉफ्टवेअरच्या कामाची आखणी करण्याच्या पद्धतीत प्रॉडक्ट बॅकलॉग, स्प्रिंट बॅकलॉग आणि इन्क्रिमेंट या तिघांनाही आर्टिफॅक्ट म्हणतात. तो वापर पुष्कळ सैल आहे.

मराठीत लिहिताना एकच प्रतिशब्द सगळीकडे चालत नाही. उत्खननात 'पुरावस्तू' उत्तम. पण आजची, ताजी बनवलेली वस्तू असेल तर साधं 'मानवनिर्मित वस्तू' म्हणावं. पॅथॉलॉजी, ईसीजी, स्कॅन यांत 'तयारीतून उमटलेली खूण' किंवा 'यंत्राने उमटवलेली खूण' असं कारणासकट लिहिलं तर वाचणाऱ्याला पुढे काय तपासायचं तेही कळतं. 'कलाकृती' हा प्रतिशब्द मात्र भाषांतरित मेनू आणि मदतपानांतून काढून टाकायला हवा. तो फक्त 'आर्ट' एवढंच बघून केलेला आहे, आणि बिल्डच्या फोल्डरवर 'कलाकृती' लिहिलेलं वाचून कुणालाही आत काय आहे ते समजत नाही. तिथे 'आर्टिफॅक्ट' हाच शब्द देवनागरीत ठेवावा.